अळणी पेज

सत्त्याऐंशी सालच्या वैशाखात जयगडच्या खाडीकाठी लोटलेली गर्दी पाहिली आणि माझं डोकं फिरलं. लवू खलाशाच्या अंगणात, भर उन्हात, त्याची पाच वर्षांची राही पाटावर बसवलेली. घाम वाळला की तिच्या कपाळावर मिठाचा पांढरा थर दिसे. लोक तो बोटाने चाटून हात जोडत.

"ही लवूची पोर नाय, दर्याची लेक हाय!" भिकाजी भगत ओरडत होता. "अंगावर मीठ पिकतंय! हिच्या पोटात मीठ गेला तर देवी कोपंल. अळणी पेज घाला नि उन्हात बसवा!" स्वतः भगत मात्र मांडवाच्या सावलीत बसून, पोरीच्या अंगावरचं मीठ म्हणून प्रसादाच्या पुड्या विकत होता.

राही खोकत होती. "आये, मीठ दे गो वाईच."

तिची आई, मथुरा, डोळे पुसून भगताकडे बघायची.

मी गावच्या शाळेतला मास्तर. रत्नागिरीहून डॉक्टरीणबाईंना घेऊन आलो, तोवर पोर पाटावरून कलंडली होती. बाईंनी सलाईन लावलं, पण उशीर झाला होता. दिवेलागणीआधी राही गेली.

"देवीनं नेली!" भगत म्हणाला. "हितं देऊळ बांधा." आणि लोकांनी माना डोलावल्या!

बाई भडकल्या. "देवीनं नाही, तुमच्या अळणी पेजेनं नेली! शरीरातल्या पेशींना मीठ आत-बाहेर करायला बारीक दारं असतात. घाम बाहेर येता येता त्यातलं मीठ त्या दारांतून परत आत घेतलं जातं. हिची दारं जन्मापासून बंद. शास्त्रज्ञांना हे आत्ता कुठे कळतंय. छातीतला चिकट कफही त्यामुळेच. तिचं मीठ घामावाटे चाललं होतं आणि तुम्ही खाण्यातलंही बंद केलंत!"

"पन आमी दोगं तर धडधाकट," लवू पुटपुटला. मथुरा त्याच्या मामाचीच मुलगी.

"दोघांतही तोच दोष लपलेला. एकाकडून आला असता तर ती ठणठणीत राहिली असती. हिला दोघांकडून आला. हा शाप नाही, तुमचा गुन्हाही नाही. आजार बरा होत नाही, पण मीठ-पाणी मिळतं तर आज ती गेली नसती."

मी मांडवामागचं पोतं ओढून काढलं. आत मिठागराचं जाडं मीठ. कपाळावर निघायचं चिमूटभर, भगताच्या प्रसादाच्या पुड्या मात्र टोपलीभर! भगत कधी सटकला, कळलंही नाही.

मथुराने पोत्यातलं मीठ मुठीत घेतलं. "मागत व्हती ओ ती. घरात बरनी भरलेली व्हती."

लोकहो, देवीला काय हवं ते भगताला विचारत बसू नका. पोर काय मागतंय ते ऐका, आणि त्याला डॉक्टरकडे न्या.