दोघींपैकी एक

थोरलीने पलंग उचलून भिंतीला उभा केला, तेव्हा कुठे धाकटीला बॅग आत घेता आली. दार लावायचं तर कुणातरी एकीला ओट्याकडे सरकणं भाग होतं. धाकटी अंग चोरून सरकली.

"बस ना, खुर्चीवर बस. मी चहा टाकते."

"रोज उचलतेस हा पलंग?"

"सकाळी उभा, संध्याकाळी आडवा. तेवढाच व्यायाम."

धाकटी हसली आणि हात धुवायला उठली. कोपऱ्यातलं दार आतल्या खोलीचं असावं असं समजून तिने ते ढकललं. आत हँगरला लटकलेले कपडे, एक बादली आणि उभी करून ठेवलेली इस्त्रीची फळी. आत कुणी झोपलेलं असावं तसं तिने दार हळूच ओढून घेतलं. थोरलीने पातेल्यावरची नजर काढली नाही.

"ते कपाट आहे. बाथरूम जिन्याजवळ. शेजारच्यांचं आणि आपलं एकच," ती म्हणाली.

थोरली शहरात आल्याला चोवीस वर्षं झाली होती, आणि धाकटी आज पहिल्यांदा तिच्याकडे येत होती. आधी वडील अंथरुणाला खिळलेले, मग लग्न, तेही गावातच, मग लेकीचा, बिट्टीचा जन्म, मग आईचं दुखणं. धाकटीचा पाय घरातून निघायचाच नाही. थोरली तिकडे जायची ती दोन-चार दिवसांची पाहुणी म्हणून. आई गेली तेव्हा तर ती पोचेपर्यंत सगळं आटोपून माणसं घरी परतली होती. एरवी सगळा व्यवहार फोनवर. दर रविवारी थोरली फोन करायची, आई आधी बोलून घ्यायची आणि मग फोन धाकटीच्या हातात यायचा.

चहा पिताना धाकटीने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा घोट घेतला. थोरलीला ते कळत होतं. लहानपणीही ही अशीच. पोटात दुखत असलं तरी आधी अभ्यास संपवून मग सांगणार.

"बोल की," थोरली म्हणाली.

"सांगते. तुला कामावर जायचंय म्हणालीस ना? मीही येते. इथं बसून काय करू?"

थोरली दातांच्या लॅबमध्ये होती. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवायचे आणि त्यावरून ही खोटे दात घडवायची. आज सुट्टी होती, पण एका बाईचे समोरचे दोन दात उद्या सकाळीच दवाखान्यात पोचायला हवे होते. तिच्या मुलीचं लग्न होतं आणि ती हसायची बंद झाली होती.

दोघी बसने निघाल्या. धाकटी खिडकीशी बसली. नदी ओलांडली आणि ती एकदम ताठ झाली.

"आता डावीकडे फुलवाल्यांची गल्ली ना?"

बस वळली. खरंच डावीकडे फुलवाले बसले होते.

"आणि पुढं ते नाट्यगृह. ज्याच्या पायऱ्यांवर माणसं उगाच बसलेली असतात."

"तुला कसं माहीत?"

"तूच सांगितलंस की."

थोरलीला आठवेना. सांगितलं असेल. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली होतीच. ती रोज त्यांच्यासमोरून जायची. एकदाही उतरली नव्हती. आधी तिकीट परवडायचं नाही, नंतर परवडलं तेव्हा शेवटची बस नाटक संपायच्या आधी सुटायची, कारण तोवर ती शहराच्या पार टोकाला राहायला गेली होती. भाडं वाढलं की ती एकेक पाऊल बाहेर सरकत गेली होती. आताच्या खोलीच्या पलीकडे शहर संपतच होतं.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. टेबलांवर प्लास्टरची पांढरी धूळ होती आणि फळीवर अनोळखी माणसांचे जबडे ओळीने मांडलेले होते. धाकटी त्यांच्यासमोरून सावकाश फिरली. एकापुढे थांबली.

"हा रात्री दात खातो."

"कशावरून?"

"झिजलेत बघ कसे."

थोरली दिवा लावून कामाला बसली. लग्नाच्या बाईचे दात जवळजवळ झाले होते, फक्त रंग अजून जुळत नव्हता. शेजारच्या दातांना किंचित पिवळी झाक होती, ती यायला हवी होती. धाकटीने समोरचं स्टूल ओढलं. टेबलावर मेणाचा तुकडा आणि कोरायची सुरी पडली होती. तिने न विचारताच दोन्ही उचललं. थोरली मान खाली घालून रंग लावत राहिली. मान वर केली तेव्हा धाकटीच्या बोटांत एक दाढ तयार होत आली होती, वरच्या चार उंचवट्यांसकट.

"विसरली नाहीस?"

"बिट्टी लहान असताना मेणाची जनावरं करून द्यायची मी. हात राहिला."

या कामाच्या प्रशिक्षणाची प्रवेश परीक्षा दोघींनी एकाच दिवशी दिली होती; तीत मेणाची दाढ कोरून दाखवायची होती. दोघी निवडल्या गेल्या. धाकटीचे मार्क जास्त होते. त्याच महिन्यात वडिलांची उजवी बाजू गेली. आईच्याने एकटीने त्यांना कूस बदलवणंही होईना. एकीने जायचं आणि एकीने थांबायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे धाकटी म्हणाली, तू जा, मी बघते. आणि थोरलीने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"ताई, बिट्टीला इथल्या कॉलेजात जागा मिळालीय," धाकटी मेणाकडे बघतच म्हणाली. "आपल्या गावातही मिळालीय. उद्यापर्यंत कळवायचंय. तिचे बाबा म्हणतात, तिला हवं ते करू दे. पण ती माझं ऐकत नाही आणि त्यांचंही नाही. म्हणते, मावशी काय म्हणेल ते."

"मी?"

"चोवीस वर्षं तू इथं आहेस. तुला नाही कळणार तर कुणाला?" सुरी क्षणभर थांबली. "खरं सांगते, मी तुझ्याकडनं नाही म्हणवून घ्यायला आलेय. एकुलती एक आहे. पण तुला वाटतं तेच सांग. माझ्यासाठी म्हणून नको."

थोरलीने ब्रश पुसून ठेवला. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने स्वतःला मात्र पुष्कळदा विचारला होता, बसमध्ये, उभ्याने.

"नको पाठवूस," ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली. तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. थोरलीने तिथंच थांबायला हवं होतं. पण एकदा तोंड उघडलं आणि मग तिला थांबता येईना.

"दरवर्षी वाटायचं गं, हे एक वर्ष जाऊ दे, पुढच्या वर्षी जरा बरं होईल, मग राहायला लागू. आणखी एक खोली मिळाली की. जवळची जागा मिळाली की. तो होता ना, फोटोवाला, तुला सांगितलं होतं मी. आम्ही लग्न करणार होतो. घर मिळालं की करू म्हणत राहिलो. सात-आठ वर्षं बघत राहिलो घरं. मग तो कंटाळला आणि त्याच्या गावी गेला. तिकडं त्याला मोठं घर आहे. मुलं आहेत." ती जरा हसली. "मी कमावलं ते सगळं घरमालकांनी खाल्लं. आई गेली तेव्हा मी गाडीत होते. म्हातारपणी इथं कोण आहे मला? शेजारीणसुद्धा बाथरूमपुरती. उभं आयुष्य गेलं आणि हातात काय, तर दुसऱ्यांचे दात. काही नव्हतं इथं. बिट्टीला सांग, मावशी म्हणते, त्यात काही अर्थ नाही."

धाकटी कोरत होती. दाढ कधीच पुरी झाली होती, तरी ती कोरत होती आणि मेणाचा बारीक कीस टेबलावर पडत होता.

"फोनवर तू असं कधी बोलली नाहीस," ती म्हणाली.

"काय बोलणार? आईला केवढं कौतुक."

"आईचं जाऊ दे." तिचा आवाज चढला नव्हता. "बाबांचं अंग पुसायला तासभर लागायचा. ते शरमायचे म्हणून मी त्यांच्याकडे बघायची नाही, भिंतीकडे बघायची. आणि मनात चालत सुटायची. नदीवरनं पलीकडे, मग फुलवाले, मग ते नाट्यगृह. रविवारी तू काहीतरी नवीन सांगायचीस, मग सोमवारपासून तिकडं. रागही यायचा तुझा. यायचाच. पण मी म्हणायची, ठीक आहे, दोघींपैकी एक तरी तिथं आहे."

थोरलीने पुसलेला ब्रश पुन्हा पुसला.

"बाबा गेले, आई गेली. त्यांचं केलं त्याचं मला काही नाही वाटत. केलंच असतं. पण मी थांबले म्हणून तू गेलीस, हे मी धरून बसले होते. आता तू म्हणतेस, काही नव्हतंच." तिने सुरी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. "मग मी कशाला थांबले, तेही सांग ना, ताई."

"तसं नाही, चिमे. मी आपलं बोलून गेले. चांगलंही होतं की."

"काय होतं?"

धाकटी वाट बघत होती. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच उत्तर देणं अवघड होतं. फळीवरच्या जबड्यांकडे बघत थोरली आठवू लागली, आणि नेमका तेव्हाच धाकटीचा फोन वाजला.

"बिट्टी," धाकटी म्हणाली. तिचे हात मेणाने माखले होते, म्हणून तिने फोन टेबलावरच राहू दिला आणि कोपराने स्पीकरवर चालू केला. आवाज खोलीभर झाला.

"आई, विचारलंस?"

"विचारलं."

"मग? काय म्हणाली मावशी?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. लहानपणी दोघींत एकच फळ असलं की ती असं बघायची आणि मग म्हणायची, तू घे, मला नको.

"मावशी म्हणते, ये," धाकटी म्हणाली.



"खरंच? तू तर नाही म्हणवून घ्यायला गेली होतीस ना?"

"हो. पण ती ऐकेना. म्हणते, पोरीला पाठवच."

"आई, तू रडतेयस का?"

"नाही गं. इथं सगळी धूळ आहे प्लास्टरची."

थोरली खुर्चीतून अर्धवट उठली होती. काहीतरी बोलायला हवं होतं. खरं काय ते त्या पोरीला आत्ताच सांगायला हवं होतं, उद्या उशीर झाला असता. धाकटीने मानेनेच तिला नको म्हटलं. थोरली पुन्हा बसली.

"मावशी आहे का तिथं? दे ना तिला."

"इथंच आहे. बोल."

"मावशी," बिट्टी म्हणाली. तिचा आवाज धाकटीच्या त्या वयातल्या आवाजासारखाच होता; थोरलीला ते आजच जाणवलं. "मला भीती वाटतेय थोडी. कसं आहे गं तिथं? सांग ना काहीतरी."

रविवारी आईला सांगायची त्या गोष्टी जिभेवर तयार होत्या, पण त्या नको होत्या. खरं असेल असं काहीतरी तिला हवं होतं, आणि ते शोधायला वेळ लागत होता.

"पहिल्या वर्षी," ती अखेर म्हणाली, "मी एकदा चुकीच्या बसमध्ये चढले. कुठं निघालेय काही कळेना. आधी घाबरले. मग लक्षात आलं, या गाडीत मला ओळखणारं एकही माणूस नाही. मी कुणाची मुलगी, कुणाची कोण, काही नाही. मग उतरलेच नाही. शेवटपर्यंत गेले."

"एकटी?"

"एकटीच."

"मग काय होतं शेवटी?"

धाकटीने मेणाचा कीस तळहाताने एका बाजूला सारला. मग पूर्वी भिंतीकडे करायची तसं खिडकीकडे तोंड केलं आणि ताई सांगत होती ते ऐकू लागली.