दुसऱ्या पायाचा कागद

तुम्ही इस्पितळवाल्यांनी माझ्या बहिणीच्या पायातली नस काढलीत, आणि तिला सगळं समजावून काढली असं लिहून ठेवलंत. खोटं आहे ते.

लागिमाईना इथे क्वीन्सलँडच्या कत्तलखान्यात हाडावरचं मांस सोडवायची. सुरी मनगटात गेली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. मधली चार सेंटिमीटर नस, म्हणजे स्पर्श कळवणारा मज्जातंतू, कामातून गेलेली. सर्जनने तीन उपाय सांगितले. पोकळ नळी बसवायची, पण एवढ्या अंतराला तिचा भरवसा नाही. मेलेल्या दात्याची, धुऊन तयार केलेली नस चालली असती, पण तुम्ही मानता त्या विम्याच्या यादीत ती नाही. उरली तिच्याच पोटरीतली. पावलाची बाहेरची कड थोडी बधिर राहील, एवढंच तो म्हणाला.

दुभाषा मीच होतो. आमच्या सामोअन बोलीत जांघेपासून बोटांपर्यंत सगळं 'वाए'. मीही 'वाए' म्हणून मोकळा झालो, पावलाची कड असं फोडून सांगितलं नाही. तिने विचारलं, मांडी घालून बसता येईल ना? सर्जन हसला, खुशाल बसा म्हणाला. तो गुडघ्याचं बोलत होता, ती विणण्याचं. आमच्या बायका तलम चटया विणतात त्या दिवसदिवस मांडी घालून. भार सगळा पावलाच्या बाहेरच्या कडेवर. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. ती हो म्हणाली.

ऑपरेशनला आठ महिने झाले, हाताची बोटं तशीच बधिर. नजरेने बघून बघून विणत होती. एक दिवस चटईवर डाग दिसला म्हणून शेजारणीने पाऊल उलटं करून पाहिलं. घोट्याखाली हाडापर्यंत जखम, आणि हिला पत्ता नाही.

मी माफी मागायला गेलो.

"रडू नकोस रे," ती म्हणाली. "माझ्या दोन जागांना काही कळत नाही. तिसरा तू."

काल नवा कागद आला. पहिली नस रुजली नाही, आता दुसऱ्या पोटरीतली घेऊ. दात्याच्या नसेच्या चौकटीवर आधीच आडवी रेघ मारलेली. तिने त्या रेघेवर डाव्या हाताचं बोट ठेवलं.

"ही कुणी मारली ते विचार. मग सहीचं बोल."

म्हणून विचारतो. या हाताला कुठली नस बरी, हे हात बघणाऱ्याने ठरवलं की यादी बघणाऱ्याने? ऑपरेशन गुरुवारी आहे. त्याआधी नावानिशी लिहून कळवा, रेघ कुणाची?