भेगेतलं आभाळ

अनिल दारू पिऊन पडला असणार, असं मी फौजदारांना सांगितलं. वाडीची पोलीस पाटील मीच, त्यामुळे त्यांनी ते लिहून घेतलं. अनिलने दारू सोडून तीन वर्षं झाली होती. सोडतो म्हणून त्याने शपथ घेतली ती माझ्याच ओटीवर बसून.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, बावीस घरांची. तळीयेवर दरड आली त्याच पावसात आमच्या वरच्या माळाला भेग पडली. दोन वीत रुंद आणि शंभरेक पावलं लांब. भूगर्भवाले साहेब आले, भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि म्हणाले, पावसाळाभर रोज मधलं अंतर मोजा, वाढलं की कळवा. ते काम अनिलने अंगावर घेतलं. तो माझ्या नवऱ्याचा, किशोरचा, चुलत भाऊ. मुंबईत कारखान्यात होता, लॉकडाउनमध्ये काम सुटलं तसा बायकोला, निशिगंधाला, घेऊन गावी आला. चार पावसाळे तो रोज सकाळी टेप घेऊन माळावर गेला.

गेल्या श्रावणात एका सकाळी दहाच्या सुमारास बयाबाई धापा टाकत माझ्या दारात आली. शेरडं घेऊन ती माळावर जायची.

"राजश्रे, वर चल गो. अनिल पडलाय. हाक मारली तर उठत नाय."

तो भेगेपासून चार पावलांवर उताणा पडला होता. डोक्याखालचा दगड रक्ताने काळा झाला होता. एक खुंटी उपटलेली, तिच्या जागी नुसतं भोक. आणि अनिलच्या मुठीत एक आकडी होती. कमरेला बांधून कोयता अडकवायची लाकडी आकडी आमच्याकडे प्रत्येक पुरुषाकडे असते. पण ही माझ्या सासऱ्यांनी खैराच्या लाकडाची केलेली, एका बाजूला कड उडालेली. रोज सकाळी मीच ती खुंटाळ्यावरून काढून किशोरच्या हातात देत असे.

मी अनिलची बोटं सोडवली. ती अजून पुरती आखडली नव्हती. आकडी काढून ओच्यात खोचली. मान वर केली तर बयाबाई बघत होती. तिने तोंड फिरवलं आणि शेरडांना हाकारत खाली निघून गेली.

फौजदार आले तेव्हा दुपार झाली होती. ते म्हणाले, "एवढी रोजची वाट, आणि पडला कसा?"

"घेत होता जरा," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं, आणि मग मी ते मागे घेतलं नाही.

महाडहून पोस्टमॉर्टेम होऊन प्रेत आलं. त्याबरोबर कपड्यांची पिशवीही आली. तोवर वाडीभर झालं होतं की अनिल पुन्हा प्यायला लागला होता. निशिगंधाने सगळ्यांदेखत पिशवीतून सदरा काढला आणि नाकाशी धरला. मग बाह्या हुंगल्या. मग पुन्हा गळ्यापाशी हुंगलं. बायका तिला सावरत होत्या. त्यांच्यात मीही होते, माझा हात तिच्या पाठीवर होता.

तिसऱ्या दिवशी किशोर गोठ्यात एकटा सापडला. मी आकडी त्याच्यासमोर धरली.

"अहो, ही त्याच्या मुठीत होती."

तो बैलाच्या गव्हाणीवर बसला. मग म्हणाला, "त्यानंच बोलावलं गो. म्हणाला, दादा, मोजून मोजून मी येडा व्हायची पाळी आलीय. तू एकदा आत बघ, मग मला सांग मी येडा हाय का. मी आडवा होऊन तोंड घातलं. खाली आभाळ हाय. सकाळचे आठ वाजलेत आणि खाली चांदण्या. आपल्या नायत त्या. आणि त्यांच्या पुढनं कायतरी जातंय. जातंच हाय. संपत नाय."

"मग?"

"उठलो तर माझी विजार भिजलेली. मी गो, मी! पालखी नाचवतो तो. आणि तो बघून हसला."

"हसला म्हणून मारलंत?"

"तो म्हणत होता, दादा, माझं पण असंच झालं होतं. पण ते माझ्या कानात शिरलं तेव्हा मी खुंटी उपटून त्याच्या डोक्यात घातली होती." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "खुंटी भेगेत टाकली. पडल्याचा आवाज नाय आला."

मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. पंचनामा माझ्या सहीचा होता. कुठल्या तोंडाने देणार?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी माळावर गेले. आकडी आत टाकून मोकळं व्हायचं, असं मनात होतं. पालथी झाले आणि भेगेत डोकं घातलं.

आधी माती, गवताची मुळं, पाझरणारं पाणी. मग डोळा सरावला. ते खोल नव्हतं, खोल म्हणायला तळ लागतो. दाट पिवळट चांदण्या होत्या आणि त्या लुकलुकत नव्हत्या. एकाएकी वाटलं, मी खाली नाही, वर बघतेय. आपण आता वर पडू म्हणून मी दोन्ही मुठींनी गवत धरलं. तेवढ्यात एका बाजूच्या चांदण्या विझू लागल्या. कसली तरी वळती कड त्यांच्यावरून सरकत होती. डोंगराएवढी म्हटलं तर डोंगराला हसू येईल. कितीतरी वेळ ती सरकत राहिली, तिला शेवट आला नाही. मग त्या काळोखात काहीतरी उघडलं. डोळा नव्हता तो, पण ते बघत होतं.

मला वाटलं, ह्याला सगळं कळलं. मी मोठ्याने ओरडले, "मी खोटं बोलले! त्याला बदनाम केलं!"

ते बघणं माझ्यावरून गेलं. माझ्यावरून, माळावरून, वाडीवरून, थांबलं नाही. रागावलं नाही. त्याच्या लेखी मी नव्हतेच. अनिल नव्हता, त्याला मारणारा नव्हता, हा डोंगरही नव्हता. मी तशीच पडून रडत होते, आणि जीव मुठीत धरून वाट बघत होते की निदान मला काहीतरी होईल. काही झालं नाही. ती कड पुढे सरकत राहिली.

आकडी टाकली नाही. ती घेऊन मी सरळ निशिगंधाच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: आकडी, किशोर, भेग, आतलं आभाळ. आभाळाचं ऐकून ती चकित झाली नाही. अनिलने तिला सांगितलेलं असावं.

"भ्याला की हसायचाच तो," ती म्हणाली. "लग्नात पण हसत होता, भटजी ओरडले."

मग सूप बाजूला ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, नवऱ्याला वाचवलंस ते कळलं. पण दारूचं का सांगितलंस? पाय घसरला म्हटलं असतंस तरी चाललं असतं ना?"

खरं म्हणजे चाललं असतं.

त्याच दिवशी मी पोलादपूरला जाऊन जबाब दिला. किशोरने काही नाकारलं नाही. तो आत आहे. पुरावा लपवला म्हणून माझ्यावरही खटला आहे, मी जामिनावर आहे, पाटीलकी गेली. खुंटी शोधायला भूगर्भवाल्या साहेबांना बोलावलं तेव्हा त्यांनी भेगेत तीनशे फूट दोरी सोडली. धो धो पावसात ती वर आली तेव्हा टोक कोरडं होतं आणि हात लावता येणार नाही इतकं गार. साहेब एकदाच वाकून बघून आले आणि गाडीत जाऊन काचा लावून बसले. कागदावर त्यांनी लिहिलं, खोली निश्चित करता आली नाही, वाडी ताबडतोब हलवावी. आता आम्ही सगळे खाली हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. माळाकडे कुणी जात नाही.

महाडच्या कोर्टात तारीख असली की मी आणि निशिगंधा एकाच एसटीने जातो. ती पुढे बसते, मी मागे. गेल्या तारखेला गाडी भरलेली होती आणि माझ्या शेजारची एकच सीट रिकामी होती. निशिगंधा दांडा धरून उभी राहिली. थोड्या वेळाने मी उठले, तू बस म्हणून तिला खूण केली आणि लांब जाऊन उभी राहिले. ती बसली नाही.

"अहो बाई, दोन-दोन जागा हायत, बसा की कोणतरी," कंडक्टर म्हणाला.

तिने तिकीट घेतलं. मीही घेतलं. महाड येईपर्यंत आम्ही दोघी उभ्याच होतो.