दोराने आणलेली फियाट

चार टायर, त्यांतले दोन सपाट. दोन हेडलाइट, एकात कुंभारमाशीचं घर. मागच्या सीटवर सात झावळ्या, डिकीत उंदराने कुरतडलेली छत्री. मीटरवर ६१,४०८ किलोमीटर.

"तो आकडा खरा नाय हां," अय्यूबचाचा काचेतून डोकावत म्हणाले. "एकदा सगळा फिरून शून्यावर आलेला हाय."

रोह्यात डॉक्टरांच्या बंगल्यामागच्या शेडमध्ये ही फियाट दहा वर्षं उभी होती. डॉक्टर गेले, आता त्यांच्या पत्नीही मुलाकडे निघाल्या होत्या. गाडी भंगारात जायच्या आधी मी विकत घेतली. इंजिन जाम होतं. मग मेकॅनिक गोविंदाने टायर बदलले, ब्रेक दुरुस्त केले. आता त्याच्या टेम्पोला दोराने बांधून ती गडबला, आमच्या घरी न्यायची होती.

मागच्या गाडीत बसायला गोविंदाने कान्हू नावाचा ड्रायव्हर आणला होता. निघायच्या दिवशी चाचांना कोणी बोलावलं नव्हतं. "नुसता बघायला आलो," ते म्हणाले. पण अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता आणि खिशात गाडी चालवायचा चष्मा.

त्यांचा मुलगा नझीर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, अब्बांना बसवू नका. उजव्या गुडघ्यामुळे नमाजपण खुर्चीवर पढतात. भिसे खिंडीत ब्रेकवरून पाय सुटला तर?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. उतारावर पुढचा टेम्पो हळू झाला की मागच्याने लगेच ब्रेक दाबायला हवा, नाहीतर गाडी सरळ टेम्पोवर जाणार.

डॉक्टरांचे ड्रायव्हर म्हणून चाचांनी तीस वर्षं हीच गाडी चालवली. दर गुरुवारी डॉक्टर गडबला, आमच्या दुकानाशेजारच्या खोलीत पेशंट तपासायचे, आणि फियाट दारात उभी असायची. मी सात-आठ वर्षांची असेन. चाचा माझ्यासाठी बॉनेट उघडायचे. रेडिएटरला पाणी का लागतं, पट्टा कशाला फिरतो, सगळं सांगायचे. पुढे मी केमिस्ट्री घेतली, धाटावच्या कंपनीत लॅबमध्ये लागले. पण माझ्या 'का'ला न हसता उत्तर देणारा पहिला माणूस हा. एकाच गोष्टीला त्यांची मनाई होती: "स्टेअरिंगला हात नाय लावायचा, बाय. ती डॉक्टरांची गाडी हाय."

मी चावी चाचांच्या हातात दिली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. कान्हू टेम्पोत गोविंदाशेजारी जाऊन बसला.

"अंतर ठेवा चाचा," गोविंदा ओरडला. "परवाच रंग दिलाय टेम्पोला."

"म्हणूनच एवढा वाईट दिसतोय व्हय?"

शहर मागे पडलं. दोर ताठ होता. चाचा टेम्पोच्या लाल दिव्यांवरून नजर हलवत नव्हते, पण तोंड चालू होतं. "माझे तिन्ही भाऊ दुबईला गेले. मला विचारलंन, तू कुठं? मी म्हटलं, मी नागोठण्याला. डॉक्टर वाट बघतायत." ते हसले. "काय वाईट झालं नाय गो. डॉक्टरांनी कधी मागच्या सीटवरून आवाज चढवला नाय."

खिंडीचा चढ नीट पार पडला. उताराच्या दुसऱ्या वळणावर टेम्पोचे दिवे लागले. दोर ढिला पडून रस्त्याला टेकला आणि टेम्पोचं मागचं फळकुट झपाट्याने जवळ आलं. चाचांचा पाय पेडलवर होता, पण गुडघा थरथरत होता. ब्रेक पुरेसा लागत नव्हता.

"बाय," ते शांतपणे म्हणाले, "स्टेअरिंग धर."

मी सरकून दोन्ही हातांनी चाक धरलं. चाचांनी हात सोडले, दोन्ही पंजे गुडघ्यावर ठेवले आणि अंगाचा सगळा भार टाकून पाय खाली दाबला. गाडी मंदावली. दोर पुन्हा रस्त्यावरून उचलला गेला.

"डावीकडे. थोडीच. आता सरळ. तिला ओढू नको, ती आपसूक येते."

प्रत्येक वळणाला तसंच. मी चाक फिरवत होते, ते गुडघा दाबत होते. खाली सपाटी लागल्यावर त्यांनी रुमालाने आधी स्टेअरिंग पुसलं, मग कपाळ.

"आता घ्या, चाचा," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. तुझीच गाडी हाय."

मग हायवेला लागेपर्यंत मीच वळवत राहिले. गर्दी दिसली तेव्हा त्यांनी चाक परत घेतलं.

गडबला दुकानासमोर टेम्पो थांबला. गोविंदाने फळकुटावरून बोट फिरवून रंग तपासला. चाचांना उतरायला वेळ लागला. मी माझं दार उघडायला हात पुढे केला, तर त्यांनी काचेतूनच थांब म्हणून खूण केली. बॉनेटचा आधार घेत, उजवा पाय ओढत ते गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. शर्ट नीट केला. दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले.

उतरण्याआधी मी मीटर वाचला. ६१,४३८.