शाळेखालचं तळं

दादा खोटं बोलताना आवाज चढवत नाही, उलट लहान मुलाची समजूत घातल्यासारखा बोलतो. "अगं, ड्रिलिंगने वाकलंय ते. एवढं काय घेऊन बसलीस?"

नव्या शाळेच्या पायाच्या तपासणीसाठी जागेतून काढलेला मातीचा गाभा टेबलावर उभा चिरून ठेवला होता. हजारो वर्षांपूर्वी तिथे तळं होतं, त्याच्या तळाचा हा गाळ. वरचे थर पट्टीने आखल्यासारखे, खालचेही तसेच. मधल्या हातभर गाळाचा मात्र पार विचका झालेला. वाळूचे गोळे चिखलात रुतलेले, चिखलाच्या जिभा वाळूत घुसलेल्या.

"ड्रिलिंगने थर कडेला वाकतात, तेही वरपासून खालपर्यंत. मग वरचे सरळ कसे राहिले? तळ ओला असतानाच जमीन हादरली. वाळूचा भार पेलणारा चिखल पातळ झाला, वाळू बुडाली, चिखल वर उसळला. मग त्यावर निवांत गाळ साचत गेला. हे मला शिकवलं कोणी?"

त्यानेच. स्वयंपाकघरातल्या परातीत चिखल, वर वाळू घालून, टेबल गदागदा हलवून. आईच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. त्याच माणसाने माझ्या अहवालातला हा परिच्छेद खोडून 'नमुना खराब' असं लिहिलं होतं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"वादळी लाटांनीही होतं असं," तो म्हणाला.

"मग दोन्ही शक्यता लिही ना! सगळ्या बोअरमध्ये त्याच थरात हेच दिसतंय. सगळेच नमुने खराब? आणि ती वाळू अजून सैल आहे, पाण्याने भरलेली. पुन्हा हादरली तर वर पोरं असतील, दादा."

"पाया बदला म्हटलं की शाळावाले दुसऱ्याकडे जातील. तो त्यांना हवं ते लिहून देईलच. आपण कशाला वाईट व्हायचं?"

"म्हणजे दुसरा शेण खाणार, म्हणून आपण आधी खायचं?" मी टेबलावर हात आपटला. "तुझ्या लेकीला, चिमीला कुठल्या मजल्यावर बसवणार तिथे? तेवढं सांग."

सगळ्या गल्लीतली पोरं याच शाळेत जाणार होती. दादा गाभा चिरायची सुरी पुसत राहिला.

"तिचं नाव दुसरीकडे घातलंय," तो म्हणाला.

त्याच्यासमोरच मी शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. गाळाचं नंतर सांगितलं. आधी चिमीचं सांगितलं.