तिरफळांआधीचा थेंब

कौसल्येने फुशारकी मारली नसती तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण खानावळवाली बाई, तीही मालवणची, ती काय गप्प बसते! संयुक्त महाराष्ट्रासाठी उद्या हरताळ, गिरण्या बंद, बाजार बंद, असं कळल्यावर जेवणाऱ्या गड्यांची तोंडं उतरली. तेव्हा ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हरताळ असो नायतर आणखी काय असो, माझ्या गड्यांच्या ताटात बांगडा पडणार म्हणजे पडणार. उपाशीपोटी मुंबई मिळत नाय!"

गडी खूश झाले. लालबागच्या चाळीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिची खानावळ. नवरा गेला तेव्हा तिच्याकडे होता तो फक्त हाताचा गुण. त्या गुणाच्या भरवशावर चाळीसेक गिरणीवाले रोज तिच्या पाटांवर येऊन बसत. नाव गेलं की चूल विझली, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि गंमत बघा, जिच्या बांगड्याच्या तिकल्याचं, त्या आंबट-तिखट रश्श्याचं, करी रोडपर्यंत नाव, ती स्वतः मासळी तोंडाला लावत नसे. नवऱ्याच्या माघारी धरलेला नेम होता तो. नुसत्या वासावर मीठ-तिखट जोखायची, आणि चुकायची नाही.

बांगडा वरळीच्या सोनूबाईचा. करी रोडच्या नाक्यावर तिची टोपली ठरलेली. हरताळाच्या आदल्या दुपारी तिने दोन पाट्या चकचकीत बांगडा कौसल्येच्या दारात आणून ओतला आणि बजावलं, "संध्याकाळचा बर्फ आला की भरपूर घाल गो बाय. दिवाळी सरली तरी उकाडा काय सरला नाय."

संध्याकाळचा बर्फ आलाच नाही. लालबागला दगडफेक झाली आणि बर्फवाला धोंडू हातगाडी घेऊन वाटेतूनच माघारी पळाला. पळेल नाही तर काय करेल! सकाळी कौसल्येने पेटीवरचं गोणपाट काढलं. आतून पत्रा ठोकलेली, भोवती भुसा भरलेली तिची ती लाकडी पेटी, तिचा केवढा अभिमान तिला! आत कोमट पाणी. बांगड्यांचे डोळे बसलेले, पोटं मऊ पडलेली. वास? थोडा होता. थोडा म्हणजे, खरं सांगायचं तर, थोड्याहून जास्तच.

टाकून द्यायचे आणि मोकळं व्हायचं. पण अन्न टाकायचं? सासूने उष्ट्या शितासाठी हातावर चटका दिलेली बाई ती. शिवाय कालची फुशारकी! गड्यांना काय तोंड दाखवणार? तिने बांगडे मिठाने चोळून धुतले, हळद लावली, कोकमं जास्त घातली आणि तिरफळं तर मूठभर. आंबट-तिखटापुढे काय टिकतंय, अशी मनाची समजूत घातली. मन काय, समजूत घालून घ्यायला बसलेलंच असतं. रस्सा उकळला, तिरफळांचा घमघमाट चाळभर गेला आणि तो वास त्या घमघमाटात कुठल्या कुठे लपला.

मोर्चाला लवकर निघायचं म्हणून गडी लवकरच पाटांवर येऊन बसले. भात वाढून झाला. तेवढ्यात मागच्या दाराने सोनूबाई आत आली. डोक्यावर टोपली नाही, कपाळ घामाने निथळतंय. वरळीहून चालत आली होती बिचारी.

"बर्फ आला होता काय गो?"

"आला की," कौसल्या म्हणाली. नजर मात्र चुलीकडे.

"धोंडू तर माझ्या डोळ्यांदेखत पळाला. म्हणून तर आले. घरात जीव लागेना." सोनूबाईने डावातला रस्सा तळहातावर घेतला, चाटला आणि थू करून मोरीत थुंकली. मग दबक्या आवाजात म्हणाली, "तिरफळाने जीभ चुरचुरते तशी बिघडलेल्या बांगड्याने पण चुरचुरते, कौसल्ये. एकाच्या आड दुसरं झाकलंस तू. हे उकळून जात नाय. आमच्या वाड्यात एका लग्नात अख्खा मांडव लालेलाल होऊन ओकत होता. एक म्हातारा तर उठलाच नाय."

पलीकडे गडी ओरडत होते, "मावशी, रस्सा येऊ दे!"

"सोनू, आता काय सांगू गो त्यांना? माझी खानावळ बुडाली."

सोनूबाईने पदर दुमडून टोपाच्या कडा धरल्या आणि सगळ्या गड्यांच्या देखत अख्खा टोप मोरीत उपडा केला.

काय तो गलका! पहिल्या पाटावरचा बाबूराव, साचेखात्यातला जुना गडी, ताडकन उठला. "अगं ए, वेड लागलं काय तुला?"

"माझाच माल खराब होता," सोनूबाई खणखणीत आवाजात म्हणाली. "काल शिळा बांगडा मारला हिच्या गळ्यात. हिला बिचारीला काय ठाऊक! ही तर चाखत पण नाय."

कौसल्येला आधी काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. माणूसच ती. पण मग तिने सोनूबाईचं तोंड पाहिलं. कोळीण जीव देईल, पण माझं म्हावरं शिळं असं स्वतःच्या तोंडाने म्हणणार नाही. ते सोनूबाई चारचौघांत बोलली होती.

"उद्यापासून करी रोडच्या नाक्यावर टोपली टेकवायची नाय!" बाबूराव गरजला. "माणसं मारायला निघालीस!" मागून आणखी दोघा-तिघांनी शिव्या घातल्या. सोनूबाईने मान खाली घातली. जन्मात कधी घातली नसेल.

"गप बस रे मेल्या!" कौसल्या इतक्या जोरात ओरडली की तिची तीच दचकली. "खोटं बोलतेय ती. माल तिचा सोन्यासारखा होता. बर्फ आला नाय, म्हावरं कुजलं, ते मला सकाळीच कळलं होतं. तरी शिजवलं. वास मारायला तिरफळं घातली. वाढणारच होते मी तुम्हाला. हिने वाचवलं तुम्हाला, आणि मलाही. आता घालायच्या त्या शिव्या मला घाला, आणि उद्यापासून दुसरी खानावळ बघा."

मोरीतून वाफा येत होत्या. बाबूरावने त्या वाफांकडे पाहिलं, आपल्या ताटातल्या कोरड्या भाताकडे पाहिलं, मग स्वतःचा पाट उचलला आणि सोनूबाईपुढे नेऊन ठेवला.

"बस बाय. चुकलं माझं." मग कौसल्येकडे वळून म्हणाला, "मावशी, दुसरी खानावळ कुठली बघायला सांगतेस? जी बाई स्वतःच्या तोंडाने हे सांगते तिच्याकडे जेवायला भीती कसली! भाताबरोबर काय आहे ते आण. मोर्चा थांबायचा नाय."

होतं काय! कुळथाचं पीठ होतं. कौसल्येने पिठी घोटली, पहिलं ताट सोनूबाईला वाढलं.

सोनूबाईने घास घेतला. "मीठ कमी आहे."

गडी खो खो हसले आणि कौसल्येला इतका वेळ अडलेलं रडू फुटलं.

बाजार उघडल्यावर सोनूबाई नाक्यावर बसली, पहिली पाटी कौसल्येकडेच आली, आणि यावेळी बर्फाची लादी आधी. रस्सा उकळला. कौसल्येने तिरफळांचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. डावातला थेंब तळहातावर घेतला. एकदा भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं.

"रागावू नका," ती पुटपुटली. "चाळीस जणांच्या पोटापुढे माझा नेम तो काय!"

आणि तिने थेंब जिभेवर ठेवला. जीभ चुरचुरली नाही. इतक्या वर्षांनी आलेली ती चव, समुद्राची, गोडसर. दारात सोनूबाई रिकामी पाटी झटकत होती.

"सोनू गो," कौसल्येने तिथूनच हाक मारली, "तुझा बांगडा इतका गोड असतो, हे कधी सांगितलं नायस ते?"

"तू कधी खाल्लास गो?" सोनूबाई म्हणाली, आणि कौसल्येने मग कुठे तिरफळं टोपात टाकली.