कल्पनाचा वीतभर संगणक

योग्य संगणक निवडणं ही साधी खरेदी नाही, ती माणसाच्या विवेकाची परीक्षा आहे. घाईत निवडलेला संगणक आणि घाईत निवडलेला जावई, दोघेही पहिल्या दिवाळीनंतर आवाज करायला लागतात. हे मी कासार आंबोलीत माझे जुने स्नेही भिकूराव यांच्या ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, तेव्हा माझ्या खिशातल्या मोबाइलचा टॉर्च सकाळपासून चालू होता आणि तो बंद कसा करायचा ते मला माहीत नव्हतं. कल्पनाने हात पुढे केला, मोबाइल घेतला, टॉर्च बंद केला आणि म्हणाली, "हां, बोला काका."

कल्पना ही भिकूराव आणि धोंडाबाईंची सून. बी.कॉम. झालेली. उरवड्याच्या एका कारखान्याने तिला घरबसल्या काम देऊ केलं होतं, बाहेर जाणाऱ्या मालाच्या नोंदी करायचं. अटी दोनच. घरात स्वतःचा संगणक हवा, आणि पंधरा दिवसांनंतरच्या सोमवारी सकाळी दहा ते एक या वेळेत चाचणी द्यायची. लग्नाला आठ वर्षं झाली, तेवढ्यात तिने घरच्या कामापायी अशा तीन नोकऱ्या सोडल्या होत्या. ही चौथी सोडणार नाही, असं तिने भाकऱ्या थापता थापता सांगितलं होतं, आणि तेव्हा परातीचा जो आवाज आला तो ऐकून कोणी वाद घातला नाही.

अडचण जागेची होती. पुढच्या तीन खोल्या भाडेकरूंना दिलेल्या. घरच्यांना उरलं स्वयंपाकघर आणि मधली खोली, आणि मधल्या खोलीत शिलाई मशीनचं टेबल सोडलं तर संगणकाला टेकायला जागा नाही. कौस्तुभ नावाचा भाडेकरू बंगळुरूला जाताना आपला स्क्रीन आणि कीबोर्ड मागे ठेवून गेला होता, म्हणजे फक्त मुख्य यंत्र घ्यायचं होतं. मी सुचवलं, वीतभर मिळतं तसलं घेऊ. डब्याएवढं.

भिकूरावांना ते मुळीच पटलं नाही.

"डब्याएवढा? आन् भावकीला काय दाखवायचं? ट्रॅक्टर आणला तवा निम्मा गाव बघाय आल्ता."

"भिकूराव, ह्याने नांगरायचं नाहीये."

"तरी पन! त्यो मोठा मिळतो की, काचेचा, आत रंगीत दिवं असत्यात."

"तो ठेवला तर सूनबाईला अंगणात बसावं लागेल."

मी चार दिवस अभ्यास केला. मेमरी किती, डिस्क कोणती, मागे वायरी जोडायची छिद्रं किती, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर किती टिकेल, सगळं वहीत उतरवलं. कल्पनाने रविवारच्या एका दुपारी फोनवर पाहिलं. आम्ही दोघांनी निवडलेलं यंत्र एकच निघालं. माझा निर्णय अर्थातच जास्त खोल होता.

यंत्र पुढच्या शनिवारी आलं. कुरियरवाला पौड रस्त्यावरच थांबतो, त्यामुळे मीच जाऊन घेतलं, खोकं तिथेच टाकून दिलं आणि यंत्र आमच्या भाजीच्या कापडी पिशवीतून भिकूरावांकडे घेऊन आलो. जमलेल्या मंडळींना मी ते पाऊण तास समजावून सांगितलं. धोंडाबाई एकेका वाक्याला मान डोलवत होत्या, इतका चांगला श्रोता मला चाळीस वर्षांत मिळाला नव्हता. कल्पनाने जोडून पाहिलं. चाललं. मग रविवारी धोंडाबाईंना गोधडी शिवायची होती म्हणून तिने ते काढून पुन्हा पिशवीत घातलं आणि पिशवी खुंटीला लावली.

सोमवारी साडेनऊला मी देखरेखीसाठी हजर झालो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण अशा प्रसंगी जाणकार माणूस लागतोच. कल्पना स्क्रीन लावून, केस बांधून तयार बसली होती. ती उठली, खुंटीपाशी गेली, आणि तिथेच थांबली.

"आत्या, हितली पिशवी कुठंय?"

"ती? ती कालच दिऊन आले की साधनाताईंना," धोंडाबाई म्हणाल्या. साधना म्हणजे माझी पत्नी. "पिशवी त्येंची, आत डबा बी त्येंचाच. मानसाचा डबा रिकामा कसा पाठवायचा? शेंगांचं लाडू घातलं संगट."

"आत्या, तो डबा न्हवता! कंप्युटर होता तो!"

"कंप्युटर तर ह्यो काय," धोंडाबाईंनी स्क्रीनकडे बोट केलं. "म्हयनाभर हितंच हाय की."

"मग शनिवारी काकांनी पाऊण तास काय सांगितलं?"

"त्ये बोलत व्हते, मी मान हालवीत व्हते. मोठ्या मानसाला मधीच तोडायचं नसतं."

इथे एक कबुली द्यायला हवी. त्यातले दोन लाडू रविवारी रात्री मी खाल्ले होते. कुठून आले, हे मी विचारलं नव्हतं. आयते आलेले लाडू मी कधीच तपासत नाही.

कल्पनाने स्कूटी काढली. मी मागे बसलो. आमच्या घरापर्यंतचा रस्ता किती खराब आहे याबद्दल मी आजवर वर्तमानपत्रांना बरंच लिहिलं होतं, पण ते सगळं सौम्य होतं हे त्या दिवशी कळलं. स्वयंपाकघरात साधना पातेल्यात पाणी गरम करत होती. शेजारी ओट्यावर आमचा संगणक.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "धोंडाबाईंच्या ह्या डब्याचं झाकण निघतच नाहीये. कोमट पाण्यात ठेवणार होते."

"अगं, हा संगणक आहे!"

"हा?" तिने तो उचलून पाहिला. "चार दिवस तुम्ही इतकं बोलत होतात, मला वाटलं, निदान फ्रिजएवढा तरी असेल."

कल्पनाने यंत्र घेतलं, ओढणीने पुसलं, छिद्रातला शेंगदाण्याचा कण टाचणीने काढला आणि मला तिथेच सोडून स्कूटी वळवली. मी पायी पोचलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि ती कामाला लागली होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात कारखान्याच्या उत्कर्षा मॅडम दिसत होत्या.

"काय सुरू झालं बघा लगेच!" मी भिकूरावांना म्हणालो. "डिस्क कोणती निवडली होती?"

"मागे कोण बोलतंय?" मॅडमनी विचारलं.

"घरचेच आहेत, मॅडम."

मी आवाज खाली आणला. मागची छिद्रं भिकूरावांना कुजबुजत समजावली. मॅडमनी आणखी दोनदा विचारलं. कल्पनाने दोन्ही वेळा मान न वळवता "घरचेच" म्हटलं आणि बोटं चालूच ठेवली. एक वाजता मॅडम म्हणाल्या, "एकही नोंद चुकली नाही. उद्यापासून रोज दहाला बसा."

धोंडाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. भिकूराव भावकीत फोन लावायला अंगणात गेले. कल्पना माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि समोर बसली.

"काका, तुम्ही लई केलंत माझ्यासाठी."

"अगं, निवड चुकत नाही माझी. सवयीचा भाग आहे."

"एक मागू का?"

मी सावरून बसलो. ती प्रिंटर विचारणार हे उघड होतं, आणि माझ्या मनात तीन तयार होते. "माग की."

"उद्यापासून दहा ते एक," ती म्हणाली, "तेवढं आमच्याकडं येऊ नका."